खोलीतला निर्णय आणि यादीवरचा निर्णय

इंटरनेटचे तांत्रिक नियम जिथे ठरतात, तिथला एक नियम प्रथम वाचणाऱ्याला उलटा वाटतो. देशोदेशींहून आलेली तज्ज्ञ मंडळी एका सभागृहात बसली, त्यांनी दिवसभर काथ्याकूट केला आणि अखेरीस एखादी गोष्ट एकमुखाने मान्य केली, तरी तेवढ्याने निर्णय झाला असे धरत नाहीत. सभा आटोपल्यावर तोच मुद्दा मेलिंग लिस्टवर, म्हणजे त्या विषयात रस असलेल्या सर्वांना एकाच वेळी पोहोचणाऱ्या ई-मेलच्या यादीवर, पुन्हा मांडावा लागतो. सभेला न आलेल्या एखाद्याने तिथे सबळ हरकत घेतली, तर सभागृहातली एकवाक्यता पुन्हा तपासून पाहावी लागते. सप्टेंबर १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आरएफसी २४१८ या क्रमांकाच्या दस्तऐवजात ही रीत शब्दबद्ध झाली.

मानवी व्यवहारात सभा श्रेष्ठ आणि पत्रव्यवहार दुय्यम, असाच क्रम बहुधा आढळतो. दरबारात हजर असलेल्याची गोष्ट वेगळी आणि अर्ज पाठवणाऱ्याची वेगळी. इथे मात्र अर्ज पाठवणारा वरचढ ठरतो. हा क्रम का उलटला, त्यापायी कोणते भांडण झाले, आणि ‘यादी कशी चालवावी’ या वरकरणी कारकुनी वाटणाऱ्या प्रश्नात सत्तेचा प्रश्न कसा दडलेला होता, हा आजच्या धाग्याचा विषय आहे. इंटरनेटच्या इतिहासात यंत्रांविषयी पुष्कळ लिहिले जाते. माणसांनी एकमेकांशी बोलण्याची व्यवस्था कशी लावली, याविषयी फार थोडे लिहिले जाते. वस्तुतः बोलणे कोणाचे ऐकले जाईल, हे त्या व्यवस्थेनेच ठरवले आहे.

आरंभ १९६९ मधला. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या ‘अर्पा’ या संशोधन विभागाने चार ठिकाणचे संगणक जोडायचे ठरवले होते: लॉस एंजेलिस आणि सांता बार्बरा इथली कॅलिफोर्निया विद्यापीठे, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट आणि युटा विद्यापीठ. संगणकांनी आपसात कोणत्या भाषेत बोलावे, हे ठरवण्याचे काम ज्यांच्याकडे आले, त्यांत बहुतेक पदव्युत्तर विद्यार्थी होते. कोणीतरी अधिकारी पुरुष पूर्व किनाऱ्याहून येतील आणि खरे नियम सांगतील, अशी त्यांची समजूत होती. असे कोणी आले नाही. तोवर आपली टिपणे तरी लिहून ठेवावीत, असे त्यांनी ठरवले.

पहिले टिपण स्टीव्ह क्रॉकर यांचे. त्यावर ७ एप्रिल १९६९ ही तारीख आहे. ज्या घरी ते मुक्कामाला होते तिथल्या मित्रांची झोपमोड नको म्हणून त्यांनी ते रात्री न्हाणीघरात बसून लिहिले, ही हकीकत त्यांनीच पुढे सांगितली आहे. टिपणांना नाव दिले ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’, म्हणजे ‘अभिप्रायासाठी विनंती’. आरएफसी हे त्याचेच संक्षिप्त रूप. आज साऱ्या जगाचे संगणक ज्या दस्तऐवजांना प्रमाण मानतात, त्यांच्या शिरोभागी अजूनही ‘विनंती’ हाच शब्द आहे. आपण कोणाला आज्ञा देत आहोत असे कोणाला वाटू नये, ही विद्यार्थिदशेतली भीड त्या शब्दात कायमची गोठून राहिली आहे.

त्याच महिन्यातले तिसरे टिपण तर तरुण अभ्यासकांनी मुद्दाम वाचावे असे आहे. टिपण कसे लिहावे, एवढाच त्याचा विषय. त्याचा आशय असा: विचार अपुरा असला तरी चालेल, उदाहरणावाचून मांडलेले तत्त्व चालेल, नुसता प्रश्न विचारून उत्तर मोकळे सोडले तरी चालेल, टिपणाची किमान लांबी एक वाक्य. ही मुभा देण्याची दोन कारणेही तिथेच नोंदवली आहेत. लिहिलेल्या शब्दाला आपोआप एक अधिकार चिकटतो, तो चिकटू नये हे एक. आणि पुरेसे घोटून झाल्याशिवाय काही लोकांसमोर ठेवू नये, हा संकोच मोडावा हे दुसरे. ज्यांनी कधी प्रबंधाचे पहिले प्रकरण मार्गदर्शकांपुढे ठेवले आहे, त्यांना या दुसऱ्या कारणाचे मोल निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

ही टिपणे प्रथम कागदावर, साध्या टपालाने जात. कोणत्या संस्थेत कोणाला प्रत धाडायची, त्याची यादी टिपणातच दिलेली असे. यादी आधी आली. ई-मेल मागून आली. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर पत्र धाडण्याची सोय केली आणि पत्त्यात ‘@’ हे चिन्ह वापरले. पुढच्या काही वर्षांत नव्या जाळ्यावरच्या मंडळींचे सर्वांत आवडते काम पत्रे लिहिणे हेच होऊन बसले.

मग १९७५ साल आले. त्या वर्षी ७ जून रोजी अर्पामधील स्टीव्ह वॉकर यांनी एक प्रस्ताव मांडला: पत्रसेवेबद्दल ज्यांना काही म्हणायचे आहे, त्यांचा एक गट करावा आणि त्याची चर्चा पत्रांतूनच व्हावी. या गटाला ‘मेसेज ग्रुप’ किंवा ‘एमएसजीग्रुप’ म्हणत. जाळ्यावरच्या आरंभीच्या चर्चायाद्यांत तिचे स्थान पहिल्या रांगेतले आहे. यादी सांभाळायला डेव्ह फार्बर पुढे आले आणि लवकरच संचालक म्हणून आइनार स्टेफरुड यांनी ती हाती घेतली.

स्टेफरुड यांचे काम आज डोळ्यांसमोर आणणे कठीण आहे. कोणी यादीला पत्र पाठवले, की ते आधी त्यांच्याकडे येई. ते वाचत आणि स्वतःच्या हाताने सर्वांना पुन्हा पाठवत. नवा माणूस आला, की त्याचे नाव तेच नोंदवत. त्याच काळात ‘हेडर-पीपल’ नावाची दुसरी यादी मॅसॅच्युसेट्समधील एमआयटी या संस्थेतून चालत होती. पत्राच्या माथ्यावर कोणती माहिती असावी, एवढाच तिचा विषय. परंतु तिथे असा मध्यस्थ नव्हता. आलेले पत्र यंत्र परस्पर सर्वांना पोहोचवी. तिथल्या वादांची धग अर्थातच जास्त होती.

दोन याद्या, दोन स्वभाव. मध्ये माणूस असला, तर सूर सांभाळला जातो, पण सारे त्या माणसाच्या सवडीवर आणि सद्बुद्धीवर अवलंबून राहते. माणूस नसला, तर कोणाचे पत्र अडत नाही, पण वणवा विझवायलाही कोणी नसते. पुढच्या पन्नास वर्षांत जगभरच्या चर्चामंडळांनी जे जे प्रयोग केले, त्यांचे बीज या जोडीत सापडते. कोणता मार्ग बरा, या प्रश्नाला अजून कोणी शेवटचे उत्तर दिलेले नाही.

एमएसजीग्रुपवर काय चालत असे, त्याची एक चुणूक पुरे. एप्रिल १९७९ मध्ये एका सभासदाने तक्रार केली, की कोरड्या अक्षरांतून बोलणाऱ्याचा स्वर कळत नाही आणि थट्टाही शिवी वाटते. म्हणून वाक्याशेवटी एखादे चिन्ह टाकून थट्टा असल्याचे सुचवावे. बऱ्याच जणांनी त्याची टर उडवली. ज्याला नीट लिहिता येते त्याला चिन्हांच्या कुबड्या कशाला, असा त्यांचा सूर होता. आज त्या कुबड्यांवाचून कोणाचेच पान हलत नाही, हा भाग निराळा. आदल्याच वर्षी, मे १९७८ मध्ये, एका संगणक कंपनीने जाळ्यावरच्या शेकडो जणांना एकदम जाहिरात धाडली होती. तिच्यावरही याच यादीत खडाजंगी झाली. ज्याच्या हाती यादी, त्याच्या हाती सर्वांचे कान, हे तेव्हा प्रथमच सर्वांच्या ध्यानी आले.

१९८६ मध्ये पॅरिसच्या एरिक टोमा यांनी ‘लिस्टसर्व्ह’ ही आज्ञावली लिहिली आणि नाव नोंदवणे, नाव काढणे, पत्रे वाटणे ही सारी कामे यंत्राकडे गेली. त्याच वर्षी जानेवारीत सॅन दिएगो इथे २१ जणांची एक बैठक झाली. ती ‘इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स’ची, आयईटीएफची, पहिली बैठक. प्रारंभी हे सारे सरकारी पैशावर काम करणारे संशोधक होते. त्याच वर्षाच्या अखेरीस बाहेरच्यांनाही दार उघडले. या संस्थेला सभासदत्व नाही, वर्गणी नाही, मतदारयादी नाही. यादीवर नाव घातले की माणूस आतला झाला. मग प्रश्न पडतो: सभासदच नाहीत, तर निर्णय कोणाचा?

हा प्रश्न १९९२ पर्यंत कोणी टोकाला नेला नव्हता. संस्थेच्या वर ‘आयएबी’ नावाचे एक ज्येष्ठांचे मंडळ होते. मानकांवर शेवटची मोहोर त्याची असे. त्यातली माणसे खरोखर थोर होती. ज्यांनी जाळे उभारले त्यांतलीच काही. त्यामुळे त्यांच्या अधिकाराला कोणी हरकत घेत नसे. हरकत न घेणे आणि मान्यता देणे यांत किती अंतर असते, ते जपानमधील कोबे शहरात उघड झाले.

त्या वर्षी जून महिन्यात कोबे इथे इंटरनेटविषयक परिषद भरली होती. जाळ्यापुढे तेव्हा खरेच संकट होते. संगणकांना दिले जाणारे पत्ते ३२ अंकस्थानांचे, म्हणजे जास्तीत जास्त सुमारे ४३० कोटी. त्यांची वाटणीही उधळपट्टीची होती. मोठ्या संस्थांना देण्याजोगे संच संपत चालले होते. नवी, मोठी पत्तापद्धती हवी होती. आयएबीने परिषदेच्या वेळी बैठक घेतली आणि ‘सीएलएनपी’ नावाच्या पद्धतीचा आधार घ्यावा, असे ठरवले.

ठिणगी पडली ती दोन कारणांनी. सीएलएनपी ही ‘ओएसआय’ नावाच्या प्रतिस्पर्धी घराण्यातली. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या समित्यांनी, राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी, ठराव आणि मतदान करून घडवलेली. इंटरनेटवाले गेली कित्येक वर्षे त्याच घराण्याशी झगडत होते आणि आपली साधी, चालती पद्धत त्यांच्या कागदी पद्धतीपेक्षा सरस आहे, असे अभिमानाने सांगत होते. हे झाले भावनेचे कारण. दुसरे कारण अधिक खोल होते. पत्त्यांच्या प्रश्नावर यादीवर चर्चा चालू होती. अनेक प्रस्ताव पुढे येत होते. कोणताच निकाल लागलेला नव्हता. त्या चर्चेला डावलून, समुद्रापलीकडे, काही मोजक्या ज्येष्ठांनी एका खोलीत ठरवून टाकले.

निर्णय कळताच याद्यांवर संतापाचा पूर आला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की आयएबीची तांत्रिक निवड चूक होती, असे आज सरसकट म्हणता येत नाही. सीएलएनपी चालणारी होती आणि घाईचे कारणही खरे होते. म्हणजे भांडण निर्णयाचे नव्हते. तो कोणी आणि कुठे घेतला, याचे होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही रेघ परिचित असते. शहाणा निर्णयसुद्धा परस्पर घेतला तर बंड घडवू शकतो.

पुढच्याच महिन्यात मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज इथे आयईटीएफची सभा होती. तिथे दोन प्रसंग घडले. विंट सर्फ बोलायला उभे राहिले. त्यांचा थ्री-पीस सूट सर्वांच्या ओळखीचा. बोलता बोलता त्यांनी कोट, टाय आणि सदरा एकेक करून उतरवला. आतल्या टी-शर्टवर लिहिले होते, की इंटरनेटची आयपी पद्धत प्रत्येक गोष्टीवर चालेल. सभागृह हास्यात बुडाले. ज्येष्ठांनी माघार घेतल्याची ती कबुली होती. आणि ती इतक्या खेळीमेळीने दिली गेली, म्हणूनच कदाचित संस्था फुटली नाही.

दुसरा प्रसंग डेव्ह क्लार्क यांच्या व्याख्यानाचा. राजे, अध्यक्ष आणि मतदान या तिन्ही गोष्टी आपण नाकारतो, आणि ढोबळ सहमती व चालू स्थितीतली आज्ञावली यांवर आपला विश्वास आहे, असे त्यांनी एका चित्रफलकावर मांडले. ते शब्द पुढे आयईटीएफचे ब्रीद झाले. त्यात मतदानही राजांच्या रांगेत का बसवले, हे पाहिले पाहिजे. मत द्यायचे तर मतदार कोण ते ठरवावे लागते. सभासदच नसलेल्या संस्थेत ते ठरवायचे कसे? एखादी कंपनी आपली ५० माणसे खोलीत आणून बसवू शकते. म्हणून डोकी मोजायची नाहीत. सभेत कौल घ्यायचा तर हात वर करण्याऐवजी तोंड मिटून हुंकार द्यायचा, अशी गमतीदार रीत तिथे रूढ आहे. हुंकार मोजता येत नाही. फक्त कुठे जोर आहे ते कळते. आणि विरोधातला हुंकार क्षीण असला, तरी सभेच्या अध्यक्षाने विचारायचे असते, की हरकत काय आहे?

कोबेच्या धक्क्यानंतर संस्थेने स्वतःची घडी बदलली. त्यासाठी नेमलेल्या गटाचे नेतृत्व क्रॉकर यांच्याकडे होते. होय, न्हाणीघरातले तेच क्रॉकर. मानकांना शेवटची मान्यता देण्याचे काम आयएबीकडून काढून कामाच्या जवळ असलेल्या मंडळाकडे दिले. वरिष्ठ जागांवर माणसे निवडणारी समिती स्वयंसेवकांतून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, यदृच्छेने काढायची ठरली. उत्तरमेरूरच्या चोळकालीन शिलालेखातल्या नावांच्या चिठ्ठ्या आणि त्या घड्यातून काढणारे लहान मूल ज्यांना आठवेल, त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. पत्त्यांचा प्रश्न पुन्हा खुल्या चर्चेला आला. १९९४ मध्ये निवड झाली आणि डिसेंबर १९९५ मध्ये नवी पद्धत, आयपीव्ही६, प्रसिद्ध झाली. तीन वर्षे जास्त लागली. ती वाया गेली असे म्हणणारेही आहेत.

आरंभी सांगितलेला १९९८ चा नियम या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. प्रत्येक कार्यगटाची मेलिंग लिस्ट असलीच पाहिजे. तिचा संग्रह कोणालाही वाचता आला पाहिजे. सभेतले म्हणणे यादीवर पक्के झाले पाहिजे. सहमती म्हणजे किती, याचेही उत्तर तिथे मिश्कीलपणे दिले आहे: ५१ टक्के म्हणजे ढोबळ सहमती नव्हे, आणि ९९ टक्के असतील तर ती ढोबळाहून बरी. पीट रेझ्निक यांनी २०१४ मधल्या आरएफसी ७२८२ मध्ये याहून पुढचे पाऊल टाकले. पाच जण बाजूने आणि शंभर विरुद्ध असले, तरी त्या शंभरांच्या हरकतींना पुरते उत्तर मिळालेले असेल तर सहमती झाली असे मानता येईल, असा त्यांचा युक्तिवाद आहे. याचीच दुसरी बाजू अशी, की एकाच माणसाची हरकत अनुत्तरित असेल, तर शंभरांची संख्या तिच्यावर उतारा होऊ शकत नाही.

खुल्या संग्रहाचे महत्त्व मराठी वाचकाला निराळे सांगायला नको. आपल्याकडच्या गोतसभा निवाडा करत, तेव्हा महजर लिहून त्यावर हजर असलेल्यांच्या निशाण्या घेत: पाटलाचा नांगर, कुलकर्ण्याची लेखणी. उद्या कोणी म्हणाला, मी तिथे नव्हतो, तर कागद बोलत असे. यादीचा संग्रह हेच करतो. फक्त तो निशाणी करणाऱ्याबरोबर हरकत घेणाऱ्याचेही शब्द जपून ठेवतो.

आता या व्यवस्थेची दुसरी बाजू. सभेला जायचे तर तिकीट, व्हिसा आणि आठवडाभराची सुटी हवी. यादीला यातले काही लागत नाही. भर सभेत इंग्रजीतून तोंड उघडायला जो कचरतो, तो घरी शब्दकोश उघडून चार ओळी नीट लिहू शकतो. इथवर यादी खरोखर समतेची. पण यादीवर वेळ हेच धन असते. ज्याला दिवसाला वीस पत्रे लिहायची सवड आहे, तो ज्याला एकच लिहायची सवड आहे त्याला बुडवतो. कोणी मागे लागला, हिणवू लागला, तर शहाणी माणसे गप्प होतात आणि नाव काढून घेतात. त्यांच्या जाण्याची नोंद कोणत्याही संग्रहात राहत नाही.

राजे नाकारणाऱ्यांनाही मग हळूहळू कोतवाल नेमावे लागले. नोव्हेंबर २००० मध्ये आयईटीएफच्या मुख्य यादीची सनद निघाली. तिथे कोणते विषय चालतील, कोणते नाहीत, आणि शिस्त राखायला ‘सार्जंट-ॲट-आर्म्स’, म्हणजे आपल्या विधिमंडळातल्या मार्शलसारखा एक अधिकारी. २००४ मध्ये दोन नियम आले: कार्यगटाच्या अध्यक्षाने त्रास देणाऱ्याला ताकीद देऊन ३० दिवसांपर्यंत यादीवर लिहिण्यास मनाई करावी, हा एक, आणि अगदीच अनावर झालेल्याचा लिहिण्याचा हक्क जाहीर प्रक्रियेने काढून घेता यावा, हा दुसरा. या नियमांची भाषा सावध आणि अवघडलेली आहे, आणि ते ठीकच आहे. कोणाला तरी गप्प करण्याचा अधिकार देणारा मजकूर सहजपणे लिहिलेला असेल, तर तो अधिक संशयास्पद.

याच सुमारास दुसऱ्या एका ठिकाणी हाच प्रश्न फार कडवट रीतीने पुढे आला होता. इंटरनेटवरच्या नावांचे आणि क्रमांकांचे दप्तर वर्षानुवर्षे जॉन पोस्टेल सांभाळत. आरएफसी मालिकेचे संपादकही तेच. जाळे व्यापाराचे झाल्यावर हे काम एका माणसाच्या भरवशावर चालणे अशक्य झाले, आणि १९९८ च्या सप्टेंबरअखेर कॅलिफोर्नियात ‘आयकॅन’ ही संस्था नोंदली गेली. १६ ऑक्टोबर रोजी पोस्टेल वारले. ज्याच्या शब्दाला सगळे मानत, तो माणूस ऐन स्थित्यंतरात गेला.

आयकॅनमध्ये नावांविषयीची धोरणे सुचवण्यासाठी ‘डीएनएसओ’ ही शाखा होती. तिच्यात नोंदणी कंपन्या, व्यापारी, बोधचिन्हांचे मालक अशा हितसंबंधी गटांना जागा होत्या आणि शिफारशी ठरवण्याचा अधिकार त्यांच्या ‘नेम्स कौन्सिल’कडे होता. ज्या साध्या माणसाच्या नावावर एखादेच संकेतनाम आहे, त्याचा असा गट नव्हता. त्याच्यासाठी होती ‘जनरल असेंब्ली’, म्हणजे आमसभा. कोणीही यावे. ही आमसभा बहुतांशी एका मेलिंग लिस्टवर भरत असे.

अधिकार नसलेली खुली सभा कशी होते, याचा तो वस्तुपाठ ठरला. ऐकणारे कोणी नाही असे वाटले, की माणसे मोठ्याने बोलू लागतात; मोठ्याने बोलू लागली, की उरलेले ऐकणारेही उठून जातात. टोपणनावांचे संशय, शिवीगाळ, पत्रांचा मारा. २००० च्या सुमारास एक तोड काढण्यात आली: यादीच्या दोन आवृत्त्या. एकीत नियम मोडणाऱ्यांची पत्रे गाळलेली. दुसरीत, जिला ‘जीए-फुल’ म्हणत, सारे काही जसेच्या तसे. कोणाचेही तोंड बांधलेले नाही, आणि कोणावर ऐकण्याची सक्तीही नाही. तर्काने पाहता तोडगा निर्दोष होता. पुढे २००१ मध्ये विषयवार उपयाद्याही निघाल्या, तेव्हा एकाच गोंगाटाचे अनेक छोटे कोपरे झाले.

पण सभा टिकली नाही. २००२ च्या अखेरीस आयकॅनची घटना बदलली, डीएनएसओच्या जागी नवी रचना आली, आणि तिच्यात आमसभेला स्थान उरले नाही. आमसभा गोंगाटाने मेली, असे सांगण्याची रीत आहे. ते अर्धेच खरे. आयईटीएफच्या याद्यांवरही गोंगाट कमी नव्हता. मात्र तिथल्या एका पत्राने काम अडू शकत होते. आमसभेत शंभर पत्रांनीही काही अडत नव्हते. ज्या यादीवरून काहीच ठरत नाही, तिला शिस्त लावून काय साधणार?

इथवरची ही सारी चर्चा इंग्रजीत झाली, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. संकेतनामे आणि पत्ते रोमन अक्षरांत, कारण आरंभीच्या तांत्रिक पाट्या तेवढ्याच अक्षरांच्या. देवनागरीसारख्या लिप्यांतून संकेतनामे लिहिण्याची मानके २००३ मध्ये आली आणि २०१० मध्ये सुधारली. ई-मेलचा पत्ता अन्य लिप्यांत लिहिता यावा, यासाठीची मानके तर २०१२ मधली. २०१४ मध्ये ‘.भारत’ सुरू झाले. देवनागरीतल्या या एका प्रत्ययाखाली मराठी, कोकणी, हिंदी, नेपाळी, मैथिली, डोगरी, बोडो आणि सिंधी अशा आठ भाषांची सोय होती.

पुढचा टप्पा अधिक नाजूक. जाळ्याच्या अगदी वरच्या पातळीवरच्या नावांत कोणकोणती अक्षरे आणि कोणते अक्षरक्रम चालतील, याची नियमावली लिपीवार करायची होती. भारतातील नऊ लिप्यांसाठी ‘निओ-ब्राह्मी’ नावाचे एक स्वयंसेवी अभ्यासमंडळ बसले. नियम कडक होते: दिसायला सारखी पण आतून वेगळी असलेली नावे फसवणुकीला वाव देतात, म्हणून शंका असेल ते अक्षर बाहेर. अक्षरे जोडणारी किंवा तोडणारी अदृश्य चिन्हेही बाहेर.

मराठीची अडचण इथेच होती. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘आचार्यास’ दक्षिणा द्यावी, ‘आचाऱ्यास’ पगार. रफार आणि पापणीसारखा दिसणारा अर्धा र, यांत अर्थाचा भेद आहे. हिंदीत हा अर्धा र नाही. मराठी, कोकणी आणि नेपाळीत आहे. संगणकावर तो दोन प्रकारे उमटवता येतो: एक, अदृश्य जोडचिन्ह वापरून, दुसरा, खाली टिंब असलेल्या ‘ऱ’ या अक्षराला हलन्त देऊन. पहिला मार्ग नियमानेच बंद. दुसऱ्यात ‘ऱ’ला एकटे सोडले, तर ते ‘र’सारखे दिसून घोटाळा करणार. देवनागरी वापरणाऱ्यांची डोकी मोजली असती, तर हिंदीच्या संख्येपुढे हा एक अर्धा र सहज गळून पडला असता.

तो गळला नाही. मंडळांचे मसुदे जाहीर अभिप्रायासाठी ठेवले जात आणि आलेल्या प्रत्येक हरकतीची दखल घ्यावी लागे. २०१९ मध्ये मूळ नियमावलीच्या तिसऱ्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाला, तेव्हा तिच्यात ‘ऱ’ला जागा मिळालेली होती, एकट्याने नव्हे, फक्त ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ या दोन जोड्यांत. ‘दऱ्या’ लिहिता येते, ‘कऱ्हाड’ लिहिता येते. सुट्या ‘ऱ’ने सुरू होणारे नाव मागितले, तर यंत्र ते परत पाठवते. देवनागरीचा तो अहवाल अक्षरांच्या तक्त्यांसह आणि प्रत्येक निर्णयाच्या कारणांसह आयकॅनच्या दप्तरात कोणालाही वाचण्यासाठी खुला आहे.